अपुऱ्या दिवसांचे बाळ घरी येते तेव्हा

सर्वसाधारण बाळंतपणात तिसऱ्या-चौथ्या दिवशी आई आणि बाळ घरी येतात. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला जातो आणि घर बाळाच्या रडण्याने भरून जाते. दिवस पुरे होण्यापूर्वीच जन्मलेल्या बाळाच्या घरी मात्र हा क्रम मोडतो. आई घरी येते आणि बाळ रुग्णालयातच राहते. विचारणाऱ्यांना ‘काचेच्या पेटीत ठेवले आहे’ एवढेच सांगितले जाते. मग कधी तीन आठवड्यांनी, तर कधी दोन महिन्यांनी डॉक्टर म्हणतात, ‘उद्या बाळाला घरी न्या.’ ज्या शब्दांची इतके दिवस वाट पाहिली, तेच शब्द ऐकून आई-वडिलांच्या पोटात गोळा येतो. कालपर्यंत श्वास मोजणारे यंत्र होते, ऊब देणारी पेटी होती, रात्रभर जागी असणारी परिचारिका होती. उद्यापासून ही सर्व कामे घरातल्या माणसांनी करावयाची असतात.

गर्भावस्थेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाला वैद्यकशास्त्र अकाली जन्मलेले बाळ म्हणते. जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहयोगी संस्थांच्या अंदाजानुसार २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली. त्यांपैकी ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतात जन्मली. तेव्हा हा प्रसंग विरळा नाही. आपल्या परिचितांपैकी कोणा ना कोणाच्या घरी तो येऊन गेलेला असतो.

‘सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही’ हा समज आपल्याकडे आजही ऐकू येतो. तो केवळ आपलाच आहे असे नाही. हिप्पोक्रॅटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन ग्रीक ग्रंथसंग्रहातही आठव्या महिन्यातल्या मुलाविषयी स्वतंत्र लेखन आहे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. गर्भाशयात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या पारड्यात पडतो. आठव्या महिन्यातले बाळ सातव्या महिन्यातल्या बाळापेक्षा निश्चितच अधिक तयार असते. या समजापायी एखाद्या घरी बाळाविषयीची आशा आधीच सोडून दिली जाते, म्हणून तो खोडून काढणे अगत्याचे आहे.

गेल्या साठ वर्षांत या क्षेत्रात किती अंतर कापले गेले, हे एका उदाहरणावरून ध्यानी यावे. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉन केनेडी यांना मुलगा झाला. तो साडेपाच आठवडे लवकर जन्मला होता, परंतु वजन दोन किलोंहून थोडे अधिकच होते. त्या महासत्तेचे सारे वैद्यकीय सामर्थ्य हाताशी असूनही ते बाळ दोन दिवसांच्या आतच फुफ्फुसांच्या अपरिपक्वतेमुळे गेले. फुफ्फुसांतील वायुकोश उघडे ठेवणारा सरफॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ अशा बाळांत पुरेसा तयार झालेला नसतो. १९८० साली जपानमध्ये फुजिवारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बाहेरून फुफ्फुसांत सोडण्याचा उपचार यशस्वी करून दाखवला. आज तेवढ्याच वजनाचे बाळ आपल्याकडील जिल्ह्याच्या गावाहूनही सुखरूप घरी जाते. पूर्वी बाळ जगेल का, हाच प्रश्न असे. आता त्याच्या जोडीला घरी त्याचे पुढे कसे करावयाचे, हा प्रश्न आला आहे.

डॉक्टर घरी सोडतात म्हणजे काय?

‘घरी सोडले’ याचा अर्थ ‘पूर्ण बरे झाले’ असा घेतला जातो, तो बरोबर नाही. बाळ काही गोष्टी यंत्राविना करू लागले, एवढाच त्याचा अर्थ असतो. साध्या कपड्यांत ते स्वतःचे तापमान टिकवते. सर्व दूध तोंडाने घेते. काही दिवस सलग त्याचे वजन वाढत असते आणि मधूनच श्वास थांबण्याचे प्रकार बंद होऊन काही दिवस लोटलेले असतात. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तिन्ही क्रियांचा मेळ साधारणतः ३४ व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. म्हणूनच पुष्कळ बाळांचा घरी जाण्याचा दिवस त्यानंतरच उजाडतो. वजनाची अट रुग्णालयागणिक थोडी निराळी असते. पण नुसत्या वजनावर डोळे लावून बसण्यात अर्थ नाही.

बाळाला नेण्यापूर्वी आईने दोन-तीन दिवस त्याच्याजवळ राहून दूध पाजणे, कपडे बदलणे, औषधाचे थेंब मोजणे ही कामे परिचारिकेच्या देखरेखीखाली स्वतः करावीत. शक्य असल्यास वडिलांनीही ती करावीत. काही रुग्णालये स्वतःहून हे सुचवतात. जिथे सुचवत नाहीत, तिथे आग्रह धरण्यात संकोच नसावा. घरी पहिल्या रात्री सुचणारे बहुतेक प्रश्न या दोन दिवसांतच सुचतात आणि तिथे उत्तर द्यायला माणूस असतो.

ऊब

घरी आल्यावर पहिली लढाई थंडीशी असते, आणि ही गोष्ट मुंबई-चेन्नईच्या उकाड्यातही खरी आहे. वजनाच्या मानाने अशा बाळाच्या त्वचेचा पसारा मोठा असतो. उष्णता धरून ठेवणारी चरबी गर्भावस्थेच्या शेवटच्या आठवड्यांत साठते आणि नेमके तेच आठवडे या बाळाला लाभलेले नसतात. गारठलेले बाळ आपले दूध वाढीऐवजी ऊब निर्माण करण्यात खर्च करते. मग वजन वाढत नाही, पुढे ते मलूल होते आणि दूधही ओढेनासे होते.

बाळाचे तापमान काखेत ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे. हाताची परीक्षाही उपयोगी पडते. पोट आणि तळपाय दोन्ही उबदार लागले तर सर्व ठीक आहे. पोट उबदार पण पाय गार लागले तर बाळाला थंडी वाजते आहे. दोन्ही गार लागले तर ते खऱ्या संकटात आहे. अंगात झबले, डोक्याला टोपडे, पायांत मोजे आणि वर दुपटे असावे. पंख्याचा किंवा वातानुकूलन यंत्राचा झोत थेट अंगावर येऊ देऊ नये. अतिरेकही टाळावा. घामाने भिजलेले बाळ सुखात नसते.

तथापि सर्वांत उत्तम ऊब माणसाच्या छातीची. १९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा शहरात डॉ. एडगर रे सानाब्रिया यांना काचेच्या पेट्यांची चणचण भासली, तेव्हा त्यांनी अशी बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधण्याचा प्रघात सुरू केला. पिशवीत पिलू बाळगणाऱ्या प्राण्यावरून त्याला कांगारू पद्धत हे नाव मिळाले. टंचाईतून निघालेला हा तोडगा पुढे मुख्य उपचार ठरला. भारतासह पाच देशांत केलेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, एक किलो ते १.८ किलोपर्यंतच्या बाळांना जन्मानंतर लगेच ही पद्धत दिल्यास मृत्यूंचे प्रमाण २५ टक्क्यांनी कमी होते, असे आढळले. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय या अभ्यासात सहभागी होते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने दिवसातून ८ ते २४ तास ही पद्धत वापरण्याची शिफारस केली.

घरी ती पुढे चालू ठेवायची असते आणि करायला ती अगदी सोपी आहे. बाळाला केवळ लंगोट, टोपडे आणि मोजे घालून आईच्या दोन्ही स्तनांच्या मध्ये उभे धरावे. मान एका बाजूला वळलेली आणि हनुवटी किंचित वर असावी, नाक-तोंड सतत दिसत राहावे. वरून पातळ सुती साडी किंवा ओढणी घट्ट गुंडाळावी. एका वेळी किमान तासभर तरी बाळ असे राहावे. हे काम वडील, आजी, मावशी कोणीही करू शकते. बँकेतून दमून आलेल्या वडिलांनी संध्याकाळचा दीड तास बाळाला छातीशी धरले, तर आईला तेवढीच झोप मिळते. बाळ अडीच किलोंच्या जवळ आले की स्वतःच हातपाय झाडून नको म्हणू लागते. तेव्हा थांबावे.

दूध आणि स्वच्छ हात

अकाली जन्मलेल्या बाळासाठी आईच्या दुधाला तोड नाही. आतड्यांचा एक गंभीर विकार आणि जंतुसंसर्ग या दोहोंपासून ते बाळाचे रक्षण करते. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू झाली, ती आशियातील पहिली मानली जाते. पैशाच्या पेढीशी नित्य संबंध असणाऱ्या आपल्या वाचकांना या पेढीचे विशेष अप्रूप वाटावे.

घरी आलेले बाळ अंगावर पिऊ लागले तरी लवकर थकते. म्हणून काही दिवस काढलेले दूध वाटी-चमच्याने किंवा पालाडईने पाजावे लागते. पालाडई म्हणजे आपल्या आजीच्या काळातील बोंडल्याचीच दाक्षिणात्य बहीण. बाटली आणि रबरी बोंडी यांपेक्षा हे भांडे स्वच्छ ठेवणे आणि उकळणे कितीतरी सोपे. काढलेले दूध साध्या तापमानात चार तास आणि शीतकपाटात चोवीस तास ठेवावे, असे रुग्णालये साधारणतः सांगतात. ते विस्तवावर तापवू नये. भांडे कोमट पाण्यात धरले की पुरते.

‘झोपलेल्या बाळाला उठवू नये’ हा सल्ला इथे लागू पडत नाही. ही बाळे भुकेने रडतीलच असे नाही. दर दोन-अडीच तासांनी, रात्रीसुद्धा, त्यांना जागे करून पाजावे लागते. दिवसाकाठी सहा-सात लंगोट ओले होत असतील आणि वजन रोज सरासरी २० ते ३० ग्रॅमनी वाढत असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे. घरच्या काट्यावर रोज वजन करण्याचा सोस मात्र नसावा. पाच-दहा ग्रॅमच्या चढउताराने आईची झोप उडते आणि त्याचा परिणाम दुधावर होतो. लोह आणि ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब लिहून दिलेले असतात. बाळ ‘चांगले दिसते’ म्हणून ते परस्पर बंद करू नयेत. आईकडून बाळाला मिळणारा लोहाचा साठाही त्या हुकलेल्या आठवड्यांतच भरला जाणार होता.

आईकडून बाळाला मिळणारी रोगप्रतिकारक द्रव्येदेखील त्याच आठवड्यांत येतात. ती अपुरी असल्याने आपली साधी सर्दी या बाळाला रुग्णालयात परत नेऊ शकते. बाळाला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुणे हा नियम घरातील वडीलधाऱ्यांनाही लागू करावा. इथे आपली जुनी सव्वा महिन्याची चाल फार शहाणपणाची वाटते. बाळ-बाळंतिणीची खोली वेगळी, येणे-जाणे बेताचे, बाहेरच्या माणसाने हातपाय धुतल्याशिवाय आत यायचे नाही. बाराव्या दिवसाचे बारसे मात्र खुशाल पुढे ढकलावे. पेढे वाटायला हरकत नाही, पण पाहुण्यांची रीघ नको.

जुन्यातले सारेच ठेवण्याजोगे नाही, हेही सांगितले पाहिजे. बंद खोलीतील कोळशाची शेगडी आणि ओव्याची धुरी या नाजूक फुफ्फुसांना अपायकारक आहे. घुटी, मध, साखरेचे पाणी नको. डोळ्यांत काजळ नको. मोहरीची उशी नको. बाळाला उताणे, सपाट आणि टणक अंथरुणावर निजवावे. झोळीत मान पुढे मुडपून श्वासमार्ग दबू शकतो, म्हणून काही महिने झोळी टाळावी. बाळाला अंघोळ घालण्याची घाई करू नये. वजन दोन-अडीच किलो होईपर्यंत कोमट ओल्या फडक्याने पुसून घेणे पुरेसे असते. ही यादी आजीला कशी सांगावी, हा प्रत्येक घराचा नाजूक प्रश्न आहे. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे घरी सोडण्याच्या दिवशी आजीलाच डॉक्टरांसमोर बसवावे.

घरच्या काळजीचे बळ किती असते, याचा पुरावा महाराष्ट्रानेच दिला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांच्या घरोघरी काळजीचे शिक्षण दिले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्या गावांतील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. २०११ पासून देशभर ‘आशा’ कार्यकर्त्या नवजात बाळाच्या घरी ठरावीक दिवशी भेट देऊ लागल्या, त्यामागे या कामाची प्रेरणा आहे. आशाताई दारी आल्यास ‘आमचे डॉक्टर आहेत’ म्हणून त्यांना परत पाठवू नये.

डोळ्यांची तारीख

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येऊ. ती सर्वांत जास्त विसरली जाते.

डोळ्याच्या मागील पडद्याच्या रक्तवाहिन्या मध्यापासून कडेकडे वाढत जातात आणि ही वाढ नऊ महिने भरतानाच पुरी होते. बाळ आधीच जन्मले तर ती अर्ध्यावर थांबते. पुढे काही बाळांत तिथे वेड्यावाकड्या, नाजूक वाहिन्या फुटतात आणि पडदा ओढून सोडवून टाकतात. अनियंत्रित प्राणवायूने हा धोका वाढतो. सुप्रसिद्ध अमेरिकन गायक स्टीव्ही वंडर १९५० साली सहा आठवडे लवकर जन्मले आणि याच विकाराने त्यांची दृष्टी गेली. या विकाराला ‘रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटी’, संक्षेपाने ‘आरओपी’ म्हणतात.

हा विकार बाहेरून दिसत नाही. बाळाचे डोळे टपोरे, नितळ आणि सुंदर दिसत असतात. बुबुळात पांढरी झाक दिसू लागते, तोवर बहुधा वेळ निघून गेलेली असते. आपल्या देशातील मार्गदर्शक सूचनांनुसार ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या अथवा जन्मतः दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळाची पहिली नेत्रतपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत झाली पाहिजे. अगदी लहान, म्हणजे २८ आठवड्यांपूर्वीच्या किंवा बाराशे ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांची दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच झाली पाहिजे. दोष सापडल्यास लेसर किंवा डोळ्यातील इंजेक्शनने तो बहुधा आटोक्यात येतो. परंतु उपचार दोन-तीन दिवसांत व्हावा लागतो. एक तपासणी निर्दोष आली म्हणून काम संपत नाही. वाहिन्यांची वाढ पूर्ण झाली असे नेत्रतज्ज्ञ म्हणेपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी जावे लागते.

अडचण अशी की घरी सोडण्याचा दिवस आणि तिसावा दिवस पुष्कळदा एकमेकांना चुकवतात. बाळ विसाव्या दिवशी घरी येते. आई बाळाला घेऊन माहेरी, दुसऱ्या गावी जाते. नातेवाईक म्हणतात, ‘एवढ्याशा जिवाला कुठे प्रवास घडवता!’ आणि तारीख टळते. चेन्नईतील एका सरकारी रुग्णालयात १९९६ साली २९ व्या आठवड्यात जन्मलेल्या मुलीच्या बाबतीत तर आई-वडिलांना या तपासणीची कल्पनाच दिली गेली नव्हती. ते बाळाला नेमाने तपासणीस नेत होते, तरीही दोष काही महिन्यांनी, उपचारापलीकडे गेल्यावर कळला. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या कुटुंबास सुमारे १ कोटी ८० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. निकाल येईतो मुलगी एकोणीस वर्षांची होत आली होती.

म्हणून घरी निघताना डॉक्टरांना एकच प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा : डोळ्यांची तपासणी झाली आहे का, आणि पुढची कोणत्या तारखेला, कोठे? उत्तर डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावे. त्याच बैठकीत श्रवणचाचणीचीही तारीख घ्यावी. ऐकण्यातील दोष तिसऱ्या महिन्यापर्यंत निश्चित होऊन सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू झाला, तर बोलणे मागे पडण्याची भीती पुष्कळ कमी होते.

केव्हा थांबू नये

बाळाने सलग दोन वेळा दूध नाकारले, ते उठवूनही उठत नसले, मिनिटाला साठांहून अधिक श्वास घेत असले किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असला, अंग गार अथवा तापलेले लागले, झटके आले, ओठ निळसर झाले अथवा पिवळेपणा तळहात-तळपायांवर उतरला, तर सकाळची वाट पाहू नये. नेताना बाळ छातीशी धरूनच न्यावे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत आजारी बाळाला एक वर्षापर्यंत उपचार, औषधे आणि वाहन मोफत मिळण्याची तरतूद आहे.

कागदपत्रांविषयी थोडेसे. बाळ अतिदक्षता विभागात असताना जन्मनोंदणीकडे कोणाचे लक्ष नसते. ती २१ दिवसांच्या आत व्हावी. नाव ठरले नसेल तरी अडत नाही, ते नंतर घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा मुख्य पुरावा असल्याने हा कागद आता पूर्वीपेक्षा मोलाचा झाला आहे. आरोग्यविमा असल्यास बाळाचे नाव केव्हापासून आणि कोणत्या अटीवर समाविष्ट होते, हे प्रत्येक पॉलिसीत वेगळे असते. प्रसूतीपूर्वीच ते वाचून ठेवावे आणि जन्माची सूचना लेखी द्यावी.

दोन वये

आपल्या बँकेतील मंडळींना व्यवहाराची तारीख आणि ‘व्हॅल्यू डेट’ यांतला फरक सांगावा लागत नाही. या बाळांचेही तसेच असते. त्यांना दोन वये असतात. लसीकरण जन्मतारखेप्रमाणे, कोणतीही सूट न घेता करावयाचे. मान धरणे, पालथे पडणे, बसणे, बोलणे हे मात्र प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावयाचे. दोन महिने लवकर जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे झाले तरी त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाचीच अपेक्षा ठेवावी. शेजारच्या बाळाशी तुलना करून आईला बोल लावणाऱ्यांना हा हिशेब जरूर समजावून द्यावा. अशा मातेच्या मनात ‘माझ्याच पोटात ते टिकले नाही’ हा सल आधीच असतो. वास्तविक पुष्कळ वेळा अकाली प्रसूतीचे कारण डॉक्टरांनाही सापडत नाही. आई सतत रडत असेल, बाळाजवळ जायला नको म्हणत असेल, तर तिलाही डॉक्टरांकडे न्यावे.

दोन वर्षांनंतर हे वेगळे वय मोजण्याची सहसा गरज उरत नाही. डिस्चार्ज कार्ड मात्र तेव्हाही टाकून देऊ नये. अकाली जन्मलेल्या मुलांना पुढे चष्मा लागण्याचे आणि तिरळेपणाचे प्रमाण अधिक असते. मूल शाळेत जाऊ लागल्यावर नेत्रतज्ज्ञ किती आठवड्यांचा जन्म, किती वजन, प्राणवायू किती दिवस दिला, असे विचारतात. बदलीच्या नोकरीत गाव, डॉक्टर आणि रुग्णालय सारेच बदलत असते. अशा वेळी या प्रश्नांची उत्तरे त्या एका कागदावरच सापडतात. त्याच्या दोन प्रती काढाव्यात, एक घरी आणि एक आजोळी ठेवावी.